उपाशी वाफा

कामशेत, ता. ८ डिसेंबर १९६४

श्री. महिपती कोंडाजी वाळुंज, संख्याशास्त्र सहायक, पुणे यांस,

सा. न. वि. वि.

बायकोनं नवऱ्याला सा. न. वि. वि. लिहावं का आणि त्याचं नाव असं उघड कागदावर घ्यावं का, हा प्रश्न तुम्हाला पडेल. पडू द्या. हे पत्र घरचं नाही. मी ते मावळातली एक ग्रामसेविका म्हणून लिहिते आहे. दिवाळीला तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल यात एक अक्षरही सापडणार नाही.

काल आमच्या कचेरीत तुमच्या अहवालाची सायक्लोस्टाइल प्रत आली. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याचा उपयोग होतो का, यावर पाच ठिकाणी झालेले प्रयोग एकत्र करून तुम्ही एक सरासरी काढली आहे. निष्कर्ष : राबानं उत्पन्नात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. शेवटच्या पानावर शिफारस : डोंगरातल्या वाड्यांना राबासाठी झाडांच्या फांद्या तोडायची जी मुभा आहे ती या सालापासून बंद करावी. खाली तुमची सही. अक्षर अजून तसंच आहे, अर्धं आकाशात उडणारं.

आपला जन्म मावळातला. शेण, पाचोळा, त्यावर ऐन-किंजळाच्या फांद्या, वर गवत आणि माती असं पसरून उन्हाळ्यात जाळायचं आणि त्या भाजलेल्या वाफ्यात भाताचं बी टाकायचं, याला राब म्हणतात हे तुम्हाला माझ्याकडून शिकायला नको. तुमच्या आईचे हात त्यात काळे झालेत.

पाचातला पाचवा प्रयोग माझा आहे. वरच्या वाडीत, शिदूच्या वाफ्यांवर, गेल्या हंगामात केलेला. तो या कामाला वापरणार हे मला कुणी विचारलं नाही, तेही सोडा. पण बाकीच्या चारांची माहिती वाचली आणि डोकं फिरलं. तीन सरकारी शेतांवर ज्या वाफ्यांना राब केला नाही, त्यांना सल्फेट खत घातलं होतं. शिदूच्या बिनराबाच्या वाफ्यांना काहीच घातलं नव्हतं, नुसती नांगरलेली माती. आणि तुम्ही दोन्हींना 'बिनराबाचे वाफे' असं एकच नाव देऊन बेरीज केलीत. एक माणूस भाकरीऐवजी भात खातो. दुसऱ्याला भाकरी नाही म्हणून तो उपाशी झोपतो. दोघंही भाकरी खात नाहीत, खरं आहे. पण त्यांची सरासरी काढून 'भाकरीवाचून माणसाचं काही अडत नाही' असं तुम्ही लिहिलंत, आणि वर सही केलीत.

संक्रांतीनंतर फांद्या तोडायला सुरुवात होते. ही शिफारस मंजूर झाली तर शिदूच्या वाडीला रोप उगवणार नाही, उगवलंच तर तणात मरेल. हरकती पंधरा दिवसांत कळवाव्यात असं अहवालावर छापलं आहे. ही माझी हरकत समजावी.

आपली,
मु. म. वाळुंज
ग्रामसेविका

---

कामशेत, ता. २९ डिसेंबर १९६४

श्री. महिपती वाळुंज यांस,

सा. न. वि. वि.

उत्तर मिळालं. दोन पानांत तुम्ही चार वेळा 'शांत डोक्यानं विचार कर' असं लिहिलं आहे. डोकं शांतच आहे.

तुम्ही म्हणता, एकेका शेतावर वाफे थोडे असतात, एकट्या प्रयोगाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, सगळे एकत्र केले की आकडा भक्कम होतो. मान्य. एवढं गणित मलाही कळतं. मी काही सगळे प्रयोग वेगवेगळे ठेवा असं म्हणाले नव्हते. कुठे आंबेमोहर होता, कुठे कोळंबा. कुठे काळी जमीन होती, कुठे तांबडी. त्याबद्दल मी भांडले का? असे फरक असायचेच, सगळीकडे तेच निघालं तर उलट आपल्याला जास्त खात्री वाटेल. भांडण आहे ते राबाची तुलना कशाशी केली याबद्दल. एका प्रयोगात प्रश्न आहे, राब चांगला की खत? दुसऱ्यात प्रश्न आहे, राब चांगला की काहीच नाही? प्रश्न दोन असताना तुम्ही उत्तर एक छापलंत.

आणि यावर तुम्ही उपाय काय काढलात? 'तुझा प्रयोग विजोड दिसतो हे खरे. तो गाळून उरलेल्या चारांची सरासरी घेतो.' वा! तक्रार केली म्हणून तक्रार करणारालाच पंक्तीतून उठवलं.

बरं, गाळलात तर गाळलात. मग मुळशीकडच्या डोंगरातला तो चौथा प्रयोग का ठेवलात? तिथंही बिनराबाच्या वाफ्यांना काही घातलं नव्हतं. तुमच्याच अहवालात, मागच्या तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात आहे. माझ्या प्रयोगाशी जुळणारा तो एकच आहे. त्याचा आकडा मात्र योगायोगानं बाकीच्या तिघांच्या जवळ पडतो, आणि माझा दूर. म्हणजे कोणता प्रयोग कुणासारखा आहे, हे तुम्ही तो कसा केला ते बघून ठरवलं नाही. उत्तर काय आलं ते बघून ठरवलंत. मुलगी बघायला जाऊन आधी हुंड्याचा आकडा विचारणाऱ्यांना तुम्ही किती नावं ठेवायचात, आठवतं?

पत्राच्या शेवटी तुम्ही पुन्हा सखारामच्या, मारुतीच्या आणि नथूच्या बायकोची गोष्ट सांगितली आहे. तिघीही नोकरी सोडून पुण्याला आल्या, तिघीही रमल्या, तेव्हा तूही रमशील. ते मी वाचलं. त्यावर आज लिहीत नाही, कारण हे पत्र कचेरीचं आहे.

आई बऱ्या आहेत. त्या तुमच्याच आई आहेत म्हणून कळवते. 'त्याला इचार, त्याला तितं भात कोन घालतं,' असं म्हणाल्या. विचारलं.

मु. म. वाळुंज

---

कामशेत, ता. १८ जानेवारी १९६५

श्री. महिपतराव,

नमस्काराला आज हात उचलत नाही. परवा तुमच्या अहवालावर बसलेल्या समितीच्या बैठकीला तुम्ही लोणावळ्याला गेलात. साहेबलोकांना बैठक घ्यायला लोणावळ्याचं विश्रामगृहच लागतं. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी गाडी कामशेतला थांबते, हे तुमच्या आईला पक्कं ठाऊक आहे. कचेरीतून बैठकीची तारीख मला कळली, माझ्याकडून त्यांना. मला न सांगता त्या तिळाच्या वड्या घेऊन फलाटावर जाऊन बसल्या. तुम्ही उतरला नाहीत. त्यांना गाडीचा डबा कळला नाही की तुम्ही दिसूनही तोंड वळवलंत, हे त्या सांगत नाहीत. वड्या त्यांनी हमालाच्या पोरांना वाटल्या आणि घरी येऊन मला म्हणाल्या, 'गाडीला लय गर्दी व्हती, सापडला न्हाई.' त्या गाडीला गर्दी नसते.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. या वेळचा मुद्दा बिनतोड आहे असं तुम्हाला वाटलेलं दिसतं, म्हणून त्याच्याखाली रेघ ओढली आहे. 'खत आता कामशेतपर्यंत मिळते. तेव्हा राब की काहीच नाही, हा प्रश्नच जुना झाला. आजचा खरा प्रश्न राब की खत हाच आहे.'

खोटं कशाला बोलू, हे वाचून मी दोन दिवस तुमचा अहवाल उलटसुलट चाळत होते. मुद्दा खरा असता तर मी हरले होते. मग वाडीवर जाऊन शिदूला विचारलं, खत का आणत नाहीस? तो हसला. म्हणाला, 'बाई, खत काय, कामशेताला ढिगानं पडलंय. पर सोसायटीवाला म्हनतो सात-बारा दाव. आमच्या नावावर जमीन कुटं हाय? निम्मी फारेष्टाची, निम्मी तुमच्या पाव्हन्याची.'

पाव्हणा म्हणजे तुमचे चुलते. वाडीतली निम्मी खाचरं वाळुंजांच्या नावावर आहेत आणि कसतो शिदू. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं मी धरून चालते. धरायलाच लागतं.

तेव्हा वाडीच्या माणसासमोर राब की खत असा प्रश्न कधी येतच नाही. राब की काहीच नाही, एवढाच येतो. तीन सरकारी शेतांचं उत्तर कितीही भक्कम असलं तरी ते त्याच्या प्रश्नाचं नाही. मी दोन तक्ते मागते. एकात ते तीन प्रयोग. दुसऱ्यात मुळशीकडचा आणि माझा. दुसरा तक्ता लहान दिसेल, दिसू द्या.

तुम्ही लिहिता, असं बारीक बघायला गेलं तर जगात कशासारखं काहीच नसतं, मग बेरीज करायचीच नाही का? हे मी आईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, 'जुना आन् नवा तांदूळ एका भांड्यात शिजवला तर नव्याचा गिचका होतो. तेच भाकरीला दळायचं आसंल तर खुशाल घाल की एकात.' मग वर बघून म्हणाल्या, 'ह्याला येवढं सुदिक कुनी शिकवलं न्हाई व्हय?' हे लिहिणारा त्यांचाच मुलगा आहे, हे त्यांना कुणी सांगावं?

मला पटलं ते. दोन गोष्टी सारख्या आहेत की नाहीत, हे आपण त्यांचं पुढे काय करणार यावर ठरतं. तुम्ही या आकड्याचं काय करणार आहात? एका वाडीची कोयती बंद करणार आहात. मग तेवढ्यापुरतं बघा.

आणि त्या तीन बायका. आज लिहितेच. सखारामची बायको लग्नाआधीपासून पुण्यात यायला उतावीळ होती, मारुतीच्या बायकोनं नोकरी कधी केलीच नव्हती, आणि नथूच्या बायकोला तुम्ही किती वेळा भेटलात? रमली असं तिनं सांगितलं की नथूनं? या तिघींची सरासरी काढून माझ्या कपाळावर चिकटवायची नाही. मला त्यांच्यात मिसळू नका. मला राग आला आहे आणि तो या पत्रात मावत नाही.

मुक्ता वाळुंज

ता. क. वनरक्षकानं शिदूची आणि त्याच्या भावाची कोयती काढून नेली. मंजुरी आली नसताना. 'वरून अहवाल आलाय' असं म्हणाला. तुमचा अहवाल.

---

कामशेत, ता. २१ फेब्रुवारी १९६५

श्री. महिपतराव यांस,

आज तुम्हाला हसायला येईल असं पत्र लिहिते आहे. मनसोक्त हसून घ्या, मग पुढचं वाचा.

काल वाडीवर गेले होते. कोयती नसल्यामुळे शिदूनं झाडाखाली पडलेल्या काटक्या आणि गवत गोळा करून थोडाफार राब रचला आहे. यंदा पुन्हा प्रयोग करायचं माझ्या मनात होतं, म्हणून मी त्याच्या बायकोला, हिरीला म्हटलं, हे दोन वाफे गेल्या वर्षीसारखेच कोरे ठेवायचे. ती म्हणाली, 'व्हय बाई. मंग गेल्या सालासारखी राख बी टाकते गुमान.'

मी म्हटलं, कसली राख?

तिला वाटलं मी रागावले. मग हळूहळू सांगितलं. गेल्या साली बाकीचे वाफे भाजून झाले आणि हे तसेच पडलेले दिसले. तिला ते बघवेना. 'शेजारचं समदं जेवलं आन् ह्येच उपाशी. आपल्या घरचं लेकरू आसतं तर आसं ठिवलं आसतं का? म्हनून भाजल्याली राख पाटीनं टाकली थोडी थोडी. तुमी काई इचारलं न्हाई, मंग मी बी सांगितलं न्हाई.'

थोडी म्हणजे किती? आठवत नाही. दोन्ही वाफ्यांत की एकात? 'ज्येला कमी वाटलं त्येला.'

तिच्यावर ओरडणार होते. तिला मी काय सांगणार? वाफा उपाशी ठेवणं हे या वाडीत कुणाला सुचत नाही, कुणाला जमतही नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं. कचेरीतल्या कुणाला कळलं नसतं, पण मला कळायला हवं होतं.

तर माझे कोरे वाफे कोरे नव्हते. अर्धपोटी होते. मुळशीकडच्या प्रयोगाशी माझा जुळतो असं मी तावातावानं लिहिलं, तेही खरं नव्हतं. वाटेत येताना मनात आलं, हे तुम्हाला कशाला सांगायचं? तुम्हाला कुठून कळणार होतं? शिवाय राख पडूनसुद्धा राबाचे वाफे एवढे वरचढ ठरले, म्हणजे राख नसती तर फरक आणखी मोठा दिसला असता, असंही मला म्हणता आलं असतं. सबंध रात्र ते वाक्य डोक्यात जुळवत होते. फार छान जुळत होतं. पण किती राख, कुठल्या वाफ्यात, हे जर हिरीलाच माहीत नाही, तर ते वाक्य म्हणजे माझी इच्छा आहे. मला हवं ते उत्तर आलं म्हणून प्रयोग ठेवायचा, असं मी केलं तर तुमच्यावर दोन महिने कशासाठी भुंकले?

तेव्हा माझा प्रयोग काढा. या वेळी मीच सांगते. मग मुळशीकडचा एकटा उरतो, आणि एकट्याच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही हे तुमचंच वाक्य आहे.

पण काढताना एक करा. उरलेल्या तिघांच्या जिवावर 'राबानं फरक पडत नाही' असं लिहू नका. वाडीसारख्या ठिकाणी राबाचं काय होतं ते आम्हाला माहीत नाही, असं लिहा. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्या वाक्यानं शिदूची कोयती जाते. दुसऱ्यानं तुमच्या साहेबांना थोडी लाज वाटेल, एवढंच. 'माहीत नाही' असं लिहायला तुमच्या त्या कचेरीत मनाई आहे का? आणि तुम्हाला स्वतःला? आपल्या लग्नाला चार वर्षं झाली, तुमच्या तोंडून ते दोन शब्द मी एकदाही ऐकलेले नाहीत.

समिती मार्चमध्ये पुन्हा लोणावळ्याला बसणार असं कळलं. आईंना तारीख सांगणार नाही.

मुक्ता

---

कामशेत, ता. २ एप्रिल १९६५

अहो,

तारीख सांगितली नव्हती, तरी त्या फलाटावर गेल्या होत्या. कुठून कळलं देव जाणे. आठवडाभर येणारी-जाणारी प्रत्येक गाडी बघत होत्या म्हणे. परतीच्या गाडीच्या दारात तुम्ही उभे दिसलात. त्यांनी हात केला, तुम्ही हात केलात, गाडी सुटली. घरी येऊन म्हणाल्या, 'वाळलाय. पर तोंड वळवलं न्हाई त्यानं.' या वेळी मी विश्वास ठेवला.

बैठकीत काय झालं ते मला तुमच्या आधी आमच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून कळलं. ते तिथं होते. म्हणाले, मिस्टर वाळुंज उठले आणि म्हणाले, या पाच प्रयोगांची एक सरासरी काढता येत नाही, मी काढली ती चूक होती, माझी सही मागे घेतो. साहेब म्हणाले, मग वाड्यांबद्दल आपलं मत काय? तर हे म्हणाले, माहीत नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. विस्तार अधिकारी कपाळाला हात लावून सांगत होते, असा वेडा माणूस बघितला नाही. मी चहा गाळत होते. त्यांच्या कपात साखर एक चमचा जास्त घातली.

शिफारस परत गेली. फांद्यांची मुभा यंदा पूर्वीसारखीच, आणि प्रयोग नव्यानं, डोंगरातल्या वाड्यांतच करायचा असं ठरलं. वनरक्षक काल कोयती परत देऊन गेला, एक मोडकी होती. शिदू म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या, पात्याला काय झालं न्हाई.' उशीर झाला आहे, पण दोन दिवसांत वाडीनं जमेल तेवढा पाला उतरवला. राब रचून झाले आहेत.

आणि मग तुमचं पत्र आलं. बैठक संपताच साहेबांनी चांद्याला बदलीची ऑर्डर हातात ठेवली, हे त्यातून कळलं. त्या ऑर्डरीचा कागद खिशात होता म्हणून गाडीतून उतरलो नाही, असं लिहिता. कागदाला काय काटे होते? चांदा पार विदर्भाच्या टोकाला, लांब आहे, मान्य. पण आईला एक हात दाखवून निघून जायला तुम्हाला लाज वाटायला हवी होती, आणि त्याबद्दल माझा राग अजून जसाच्या तसा आहे. बदलीनं तो उतरला असं समजू नका.

सखारामची, मारुतीची आणि नथूची बायको या पत्रात कुठंच नाही. मी शोधली. माझ्याबद्दल एवढंच लिहिलंत : 'तुझ्याबद्दल मला माहीत नाही. विचारायला हवे होते.' ते मी आईंना वाचून दाखवलं नाही. ते माझं आहे.

आता काम. येत्या मंगळवारी वाडीवर राब भाजायचे आहेत. दोन वाफे कोरे ठेवायचे. या वेळी हिरीला सगळं समजावून सांगितलं, कशासाठी ते, कोयती का गेली होती तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. राख टाकणार नाही म्हणाली, पण एक अट घातली. 'ज्येला आपन उपाशी ठिवायचं, त्येच्याम्होरं आपन जेवायचं न्हाई. दीस मावळस्तवर समद्यांनी तितंच बसायचं. येकट्याला सोडायचं न्हाई.'

शास्त्राला यानं काही बाधा येत नाही, मी खूप विचार केला. तुम्हाला येईल असं वाटत असेल तर स्वतः येऊन सांगा.

तर मंगळवारी मी, आई, हिरी आणि शिदू वाफ्यापाशी दिवसभर उपाशी बसणार. चांद्याला रुजू व्हायला तुम्हाला अजून पंधरवडा आहे. गाडी कामशेतला थांबते, हे मागेच कळवलं आहे. पुढं वाडीपर्यंत पायी यावं लागेल.

भाकरी दिवस मावळल्यावर. पहाटेच थापून न्यायच्या आहेत, तेव्हा किती थापू ते सोमवारच्या आत कळवा.

मुक्ता